कोण बोलतंय विचारायचं नाही

३ मार्च, सोमवार

वहिनी,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलेलं परत आलं. पाकिटावर दादाच्या अक्षरात 'घेणार नाही' असं लिहिलेलं होतं आणि खाली रेघ. अकरा वर्षांत त्याच्या हातचे मला मिळालेले हे दोनच शब्द, तेही पोस्टमनसाठी लिहिलेले. पाकीट मी जपून ठेवलंय. अक्षर अजून तसंच आहे त्याचं, 'घ'ला पोट सुटलेलं.

तुझ्या दुकानातले टेलरमास्तर परवा बाजारात भेटले. त्यांच्याकडून कळलं की दादाच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात आणि वीस तारखेला ऑपरेशन आहे. मी पिशवीसकट तिथल्याच एका पायरीवर बसले. मास्तर बिचारे घाबरले, मलाच हॉस्पिटलात न्यावं लागतं की काय म्हणून.

मागणं एकच आहे. ऑपरेशनच्या आधी मला त्याला एकदा भेटू दे. पाच मिनिटं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं तरी चालेल, मी पाठीकडे बघून येईन. आमच्या घरातलं माझं असं तेवढं एकच माणूस उरलंय, आणि त्याची छाती उघडणार आहेत. मी इथे बसून घड्याळ बघू?

त्याच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. त्याच्या गॅरेजवर पोलीस आले त्या दिवसापासून तुमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली की खबरीचा फोन हिनंच केला. सगळी बोटं माझ्याकडे वळत होती हे मलाही मान्य आहे. भर अंगणात ओरडले तर मीच होते. झिजलेले ब्रेक लायनर काळा रंग देऊन चादरीवर वाळत घातलेले, आणि तू पायरीवर बसून खोक्यांवर कोरी करकरीत लेबलं चिकटवत होतीस. मी विचारलं, दादा, हे शाळेच्या बसना लावणार आहात? तो म्हणाला, भागीदाराचं काम आहे ते, तू आपली टेलिफोनची बटणं दाब. मग मात्र माझा तोल गेला. 'मी गप्प बसणार नाही,' असं ओरडले, तेव्हा शेजारच्या तीन खिडक्या उघडल्या. पुढे तिन्ही खिडक्यांनी साक्ष दिली. भागीदार दोन वर्षं आत, दादा आठ महिने, गॅरेजला कुलूप, आणि मला दार बंद.

पण वहिनी, फोन मी केला नव्हता. तेव्हाही सांगितलं, आताही सांगते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

आणखी एक, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून टाकते. रिटायर झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी त्याच खोलीत काम करते. जिथे लोक नाव न सांगता गुन्ह्याची खबर देतात आणि तिथून ती पोलिसांकडे जाते, त्या खोलीत. पगार नाही, लोकांनीच चालवलेलं काम आहे. दादाला कळलं तर म्हणेल, 'बघा, म्हटलं नव्हतं?' म्हणू दे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर घरी बसून भिंतींचं किती ऐकणार? कान एवढीच माझी कमाई आहे, ती कुठेतरी वापरायला हवी.

तुझी नणंद
(पूर्वी तू मला भिंगरी म्हणायचीस. तू एकटीच. दादानं एकदा म्हणून पाहिलं तेव्हा मी त्याला असा चिमटा काढला की पुन्हा त्यानं नाव घेतलं नाही.)


८ मार्च, शनिवार

वहिनी,

उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. मला एवढंही पुरतं. मास्तर म्हणाले, 'बाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. मग एकाच बाहीला दोनदा टीप मारली.' त्या बाहीच्या मालकाला माझ्याकडून सॉरी सांग.

आता त्या खोलीबद्दल सांगते. नाहीतर तुला वाटेल, आम्ही तिथे चहाड्या गोळा करत बसतो. मलाही आधी तसंच वाटायचं.

वाचनालयाच्या वरची खोली आहे. दोन टेबलं, दोन फोन, एक खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. समोरच्याचा नंबर दिसणार नाही असे जुने फोन मुद्दाम शोधून आणलेत. पोलीस या खोलीत पाऊल टाकत नाहीत. दुपारी सर चिठ्ठ्या घेऊन खाली जातात. सर म्हणजे हे काम सुरू करणारे रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक तक्ता भिंतीवर लावलाय: कोण बोलतंय विचारायचं नाही. कुठून बोलतंय विचारायचं नाही. ओळखीचा आवाज ओळखायचा नाही.

खबर आम्ही एका कार्डावर लिहितो आणि देणाऱ्याला त्याचा एक नंबर देतो. तो भलत्याच्या हाती लागला तर काय, म्हणून एक खूणही मागतो. मनात येईल तो शब्द. लोक काय काय सांगतात! 'कात्री.' 'मोठी मावशी.' एकानं बराच विचार करून 'काही नाही' असं सांगितलं, तर तीच त्याची खूण. पुढे कधीही त्यानं फोन करून नंबर आणि खूण सांगितली की त्याच्या खबरीचं काय झालं ते आम्ही सांगायचं. त्यालाच फक्त. सांगून झालं की कात्रीनं कार्डाचे चार तुकडे. बक्षीसही असतं, पण दहातले आठ ते घ्यायला फिरकत नाहीत.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. फोन वाजला आणि जुनी सवय तोंडातून निसटली, 'नमस्कार, कोण बोलतंय?' पलीकडचा श्वास थांबला आणि खट्कन फोन बंद. सर काही बोलले नाहीत, नुसते तक्त्याकडे बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्या माणसाला पुन्हा धीर गोळा करायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तोच श्वास आला. (आवाज ओळखायचा नसतो, श्वासाबद्दल नियम नाही.) एका म्हाताऱ्याला त्याच्याच माणसांनी माळ्यावर कोंडलं होतं. माझ्या दोन शब्दांपायी तो चार दिवस जास्त कोंडला गेला. तेव्हापासून कानाला खडा लावलाय.

मागच्या आठवड्यात एक जण फोनवर आला, बोलताना खूप अडखळणारा. एक पत्ता सांगायला त्याला वीस मिनिटं लागली. जन्मभर लोक त्याची वाक्यं त्याच्या तोंडातून ओढून पुरी करत आले असणार. मी नाही केलं. गप्प बसून एकेक अक्षर येऊ दिलं. घराचा शेवटचा आकडा आला तेव्हा मी घामानं भिजले होते, मग त्याचं काय झालं असेल! फोन ठेवल्यावर मी आपोआप खुर्चीतून उठून उभी राहिले. सरांनी विचारलं, 'पाय आखडला का बाई?' म्हटलं, हो. आता प्रत्येक फोननंतर माझा पाय आखडतो.

वहिनी, खरं सांगू? ही माणसं कुठल्या मातीची आहेत ते मला कळत नाही. ना नाव, ना फोटो, ना कुणी पाठ थोपटणार. उद्या त्याच जिन्यात त्याच शेजाऱ्याला 'काय, बरंय ना?' म्हणायचं. आणि तरी फोन उचलतात. चार वर्षं झाली, मी रोज थक्क होते. या वयात रोज एवढं थक्क होणं तब्येतीला बरं आहे की नाही, दादाच्या डॉक्टरांना विचारायला हवं.

आणि हे ऐकता ऐकताच माझं एक सोंग गळून पडलंय. मागच्या पत्रात मी स्वतःला संन्यासी म्हणवून घेतलं. कसली संन्यासी! अंगणात ओरडल्यानंतर नऊ दिवस मी रोज ड्यूटीवर गेले. शहरभरचे फोन माझ्या हातांखालून जात होते, आणि मला एक लावता आला नाही. सकाळी सातला शाळेची बस माझ्या खिडकीखालून जायची. तेवढ्यापुरता मी पडदा ओढून घ्यायचे. गरजेल तो पडेल काय, त्यातलीच मी. दहाव्या दिवशी पोलीस आले, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, सुटले बाई, आता मला करायला नको. मग दादानं दार लावलं, आणि जे करायला हवं होतं ते मी केलं नाही, असं मी अकरा वर्षं शपथेवर सांगत फिरले.

आता या गोष्टीची मला लाज वाटते. दादाला भेटले की हे सांगेन म्हणते. भेटू देशील?

तुझी नणंद


१४ मार्च, शुक्रवार

वहिनी,

हे पत्र दुकानात वाचू नकोस. किंवा वाच, पण मशीनवरून पाय काढून वाच.

ज्यांनी पुन्हा कधी फोन केला नाही त्यांची कार्डं आम्ही एका लाकडी पेटीत ठेवतो. बारा वर्षं वाट बघायची आणि मग कापायची, असा सरांचा नियम. दर मार्चमध्ये ती पेटी उघडून पुसट झालेली अक्षरं गिरवतात. यंदा ते काम माझ्याकडे आलं. काल दुपारी मी गिरवत बसले होते आणि हातात एक अकरा वर्षांपूर्वीचं कार्ड आलं. पहिली ओळ वाचली आणि कळलं, आपल्या गॅरेजबद्दलचं आहे.

कार्डावरचं काही खोलीबाहेर न्यायचं नाही, म्हणून त्यात काय लिहिलंय ते सांगत नाही. खूण काय होती तेही सांगणार नाही, जीव गेला तरी. एवढंच सांगते की तो शब्द जगात एकच माणूस वापरायचं, आणि तो माझ्यासाठी.

आधी मी चिडले. खोटं कशाला बोलू? अशी चिडले की लेखणीचं टोक मोडलं. अकरा वर्षं मी त्या बंद दारासमोरून जाते आहे. दोनदा तू गॅलरीत होतीस, दोन्ही वेळा आत गेलीस. एक शब्द बोलायला काय झालं होतं? मग माझं मलाच कळलं की काय झालं असतं. तो शब्द बोलली असतीस तर रात्रीपुरतं छप्परही राहिलं नसतं तुला.

आणि गंमत बघ. हे कार्ड मी दादाला नेऊन दाखवलं असतं तर खूण वाचून तो म्हणाला असता, 'हे घ्या, नाव घालून केलाय फोन!' माझ्या निर्दोषपणाचा एवढा एकच पुरावा, आणि तोच मला फासावर द्यायचा. मी एकटीच बसून हसले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

मग हसू थांबलं. मला तू दिसायला लागलीस. दुकानदारानं माप कमी दिलं तरी न बोलता पिशवी उचलणारी तू. बसमध्ये 'थांबवा' म्हणायची लाज वाटते म्हणून पुढच्या स्टॉपवर उतरून उन्हातून चालत येणारी तू. लेबलांची खळ तुझ्या बोटांवर अजून ओली असणार. मी ओरडून तीन दिवस झाले होते आणि पडदा ओढून बसले होते, आणि तू, तू जाऊन फोन उचललास. आपल्याच घराची भिंत पाडायची आहे हे माहीत असून. त्या आठ महिन्यांत दुकानात बारा बारा तास बसून घर तूच चालवलंस. त्याला तुरुंगात स्वेटर पाठवलास तोही तूच विणलेला. आणि खूण विचारल्यावर, इतक्या भीतीत, तुझ्या तोंडी काय यावं! तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्यामागे तोंडभरून बडबड करत फिरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीचं नाव. ती तरी माझ्या बाजूला उभी असावी, असं वाटलं असेल का तुला? ती नव्हती ग. ती घरी होती.

मी उभी राहिले. सर म्हणाले, 'बाई, फोन तर वाजला नाही.'

मी त्यांना कार्ड दाखवून विचारलं, 'हा फोन तुम्हीच घेतला होता. आवाज आठवतो?' ते म्हणाले, 'आवाज विसरणं हेच माझं काम आहे. एवढं आठवतं की त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.'

आता कामाचं ऐक. कार्डामागे निकालाची चिठ्ठी डकवलेली असते. ती मी वाचली. मला ती कुणालाही सांगता येत नाही. तुलाही नाही. घरावर काय आलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं, पण बाहेर काय झालं ते या फोन करणाऱ्या बाईला कुणीच कधी सांगितलेलं नाही, आणि मला ते बघवत नाही. नंबर आणि खूण घेऊन तिनं फोन केला तर मी सांगू शकते. सोमवार ते शनिवार, दहा ते पाच मी असते. पुढच्या मार्चात सर ते कार्ड कापतील.

राग गेला असं म्हणणार नाही. मावला आहे.

वाचून झालं की पत्राचे चार तुकडे कर.

भिंगरी


१९ मार्च, बुधवार

वहिनी,

मास्तरांनी तुझी चिठ्ठी आणून दिली. अस्तराच्या तुकड्याला टाचणीनं लावलेली. 'मंगळवार, चार वाजता. दुसरा मजला, खाट सात.' एवढंच. मी ती पन्नास वेळा वाचली असेन, जणू त्यात आणखी काही निघणार होतं.

काल तू तिथे होतीसच, तरी लिहिते. लिहिल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही.

छातीवरचे केस काढलेला दादा पाहिला आणि मला आधी हसूच आलं. सोललेल्या कणसासारखा दिसत होता. मग त्यानं मान वळवली.

'आलीस.'

'आले.'

'जाड झालीस.'

'तू वाळलास.'

एवढं झाल्यावर आम्हा भावाबहिणींचं बोलणं साधारण संपतं. पण तो थांबला नाही. म्हणाला, 'बस. परवा काय होईल माहीत नाही, म्हणून बोलून घेतो. मी गोदामावर रखवाली करतो ना, तिथल्या वळणावरून शाळेची बस जाते. रोज. वळणावर ब्रेक दाबते. तो नीट लागला की मगच मी चहाचा कप उचलतो. अकरा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही.'

मी खाटेच्या कडेला टेकले.

'भागीदाराचं काम म्हणायचो मी. रंगाचा ब्रश माझ्याच हातात होता, तू पाहिलाच होतास. तुला मी नाही नाही त्या शिव्या दिल्या. पण तू फोन केलास म्हणून त्या बसचा ब्रेक लागतोय. बरं केलंस. उपकार झाले तुझे माझ्यावर. एवढंच सांगायचं होतं.'

अकरा वर्षं माझ्या जिभेवर 'मी नाही' हे दोन शब्द तयार होते. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटले असते. आणि ते म्हणायची खरी वेळ आली तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू उशीची खोळ बदलत होतीस आणि तुझे हात थांबले होते. लेबलं पाहिलेली माणसं दोनच, तू आणि मी. 'मी नाही' म्हटलं की उरलं कोण, हे तिसरीतलं पोरही सांगेल. दोन दिवसांवर ऑपरेशन. मी म्हटलं, 'बरं.'

त्यानं माझा हात धरला. सलाईनच्या सुईसकट.

वहिनी, आयत्या बिळावरचा नागोबा झाले मी. शिव्या होत्या तोवर ठीक होतं, दुसऱ्याचं ओझं उचलल्याची थोडी ऐटही होती मला. दोष मी आयुष्यभर वाहिला असता. पण हे उपकार मला पेलवत नाहीत. पडदा ओढून बसलेल्या बाईचे आभार मानले त्यानं, आणि ज्या बाईचे मानायला हवे होते ती खोळीला बटणं लावत होती.

जिन्यात तू माझ्यामागून आलीस. मला वाटलं, आता काही बोलशील. तू माझ्या खांद्यावरचा एक दोरा काढलास, टेलरच्या सवयीनं, आणि परत वर गेलीस. त्या दोऱ्यानं मी घरापर्यंत रडत आले.

त्याला खरं सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. माझ्या तोंडून निघणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. मात्र त्याचे ते शब्द तुझे आहेत. माझ्याकडे ठेव म्हणून राहिलेत, एवढं लक्षात ठेव.

उद्या दिवसभर मी फोनजवळ आहे. ऑपरेशन झालं की मास्तरांना सांग, ते मला कळवतील.

भिंगरी


२६ मार्च, बुधवार

वहिनी,

दादा उठून बसला आणि चहा गार आहे म्हणून नर्सवर ओरडला, हे मास्तरांकडून कळलं. म्हणजे नक्कीच बरा होतोय.

आज तुला एका फोनबद्दल सांगायचंय. फोन कुणाचा होता ते मला माहीत नाही, कारण ओळखीचा आवाज ओळखायचा नसतो. तुझा त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणूनच तुला मोकळेपणानं सांगते.

दुपारचे पावणेदोन. मागे एक पातं घासत फिरणारा पंखा होता. बाकी सगळं शांत, एखादं दुकान जेवणासाठी बंद असावं तसं.

'नमस्कार, बोला,' मी म्हटलं.

'माझ्याकडे एक नंबर आहे. जुना आहे. चालेल का हो?'

'चालेल.'

बाईंनी एकेक आकडा सुटा सुटा सांगितला. कागद खुडखुडला नाही की कुठे अडखळल्या नाहीत. तोंडपाठ होता. मी पेटीतून कार्ड काढलं. खरं सांगायचं तर ते काढावं लागलं नाही, तेरा तारखेपासून ते माझ्या ड्रॉवरमध्ये सगळ्यात वर होतं.

'खूण?'

पंख्यानं बऱ्याच फेऱ्या मारल्या. मग त्यांनी खूण सांगितली. इतक्या वर्षांत मी फोनवर कधी रडलेली नाही आणि आजही रडले नाही, कारण आवाज बदलला असता आणि त्या घाबरल्या असत्या.

'त्या कामाचं पुढे काय झालं, ते विचारायचं होतं,' त्या म्हणाल्या. 'घरच्यांचं काय झालं ते माहीत आहे. बाकीचं कुणी सांगितलं नाही.'

मी चिठ्ठी वाचली. सावकाश, एक शब्दही न खाता. 'काम झालं. एकेचाळीस शाळेच्या बस थांबवून तपासल्या. तेवीस बसना तेच लायनर निघाले. त्यातल्या दोन बस आणखी आठवडाभरही चालल्या नसत्या, असं तपासणाऱ्यानं लिहिलंय. सगळ्यांचे ब्रेक बदलले. एकाही मुलाला काही झालं नाही.'

'तेवीस?'

'तेवीस.'

'एका बसमध्ये किती मुलं बसतात हो?'

'चाळीसेक.'

चाळीस आणि चाळीस आणि चाळीस, अशा त्या एकेक बस भरत असाव्यात. मीही इकडे भरत होते. माझ्या खिडकीखालची बसही भरली, जिच्यासाठी मी पडदा ओढला होता. एक घाबरट बाई एका दुपारी बंद दुकानात उभी राहून दोन मिनिटं बोलली, आणि एवढी मुलं घरी जाऊन दप्तरं फेकून जेवायला बसली. त्यांना माहीत नाही. त्यांच्या आयांना माहीत नाही. कधी कळणारही नाही. मी आजवर पुष्कळ फोन ऐकलेत वहिनी, पण एवढं मोठं काही माझ्या कानांनी ऐकलेलं नाही.

'मोठी झाली असतील आता,' त्या म्हणाल्या.

'काहींना मिशा फुटल्या असतील.'

त्या हसल्या. नाक ओढून हसल्या.

इथे बोलणं संपवायचं असतं. पण माझ्याकडे एक ठेव होती. 'आणखी एक निरोप आहे,' मी म्हटलं. 'कार्डावर नाही तो. ज्यांच्याबद्दल तुम्ही खबर दिलीत, त्यांनी सांगितलंय: बरं केलंत. उपकार झाले.'

दुसऱ्या टेबलावर सरांचं पेन थांबलं. आता ते तक्त्याकडे बघणार, असं मला वाटलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

त्या बाईंनी विचारलं, 'कोण बोलतंय?'

'आम्ही नाव सांगत नाही.'

'बरं. नको सांगूस.' आणि मग एकदम वेगळ्या, घरातल्या आवाजात, 'ह्यांना शुक्रवारी घरी सोडतायत. रविवारी जेवायला ये. मी काय ते ह्यांना सांगणार आहे, तेव्हा तू समोर हवीस. एकदा एकटीनं केलं. परत एकटीनं नाही होणार माझ्याच्यानं.'

खट्.

मी उभी राहिले. काही न विचारता सरही उभे राहिले, दोन्ही गुडघे धरून. मग मी कात्री घेतली आणि कार्डाचे चार तुकडे केले.

आता या फोनचं काय करावं ते नियमात कुठेच लिहिलेलं नाही. कोण बोलत होतं ते मला माहीत नाही, आणि त्या बाईंनी पत्ताही दिला नाही. तेव्हा विचार करून असं ठरवलंय की रविवारी मी तुझ्याकडेच येते. अकरापर्यंत पोचेन. यावेळी मी घरी बसणार नाही.

भिंगरी